खुडूक यंत्र आणि दोन 'ऑर'

एकदा एका तालुक्याच्या गावी एका वृद्ध कारागिराकडे एक शिष्या शिकत होती. कारागीर म्हणजे लोहार-सुतार नव्हे. टेलिफोन केंद्रातून निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी घरच्या ओसरीतच एक टेबल मांडले होते आणि छोट्या यंत्रांच्या पोटात बसणाऱ्या चिपांना अक्कल शिकवण्याचा उद्योग आरंभला होता. तेही असेंबली भाषेत, म्हणजे चिपेला एकेक आज्ञा सुटी सांगणाऱ्या भाषेत. ज्या काळात लोक फोनला तोंडी हुकूम सोडतात, त्या काळात हे गृहस्थ एकेक बिट हाताने हलवत बसत. गावातले लोक त्यांना थोडे वेडेच समजत. मात्र कोणाचे यंत्र बिघडले की त्यांच्याच ओसरीवर येत.

शिष्येचे नाव शलाका. हुशार मुलगी. हुशार माणसांना असतो तो एक दोषही तिला होता: जे चार ओळींत होते ते एका ओळीत करून दाखवल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

आता या कथेपुरती थोडी तांत्रिक माहिती सांगितली पाहिजे. वाचकांनी घाबरू नये, विजेची आठ बटणे ओळखता आली तरी पुरे आहे. या चिपेतून आठ तारा बाहेर निघतात. त्या आठ तारांना मिळून एक नाव आहे, पी-वन. प्रत्येक तारेची स्थिती म्हणजे एक बिट: एक म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. आठांतले एकच बटण चालू करायचे असेल तर 'ऑर' वापरतात, बंद करायचे असेल तर 'नॉट' आणि 'अँड' मिळून वापरतात, उलटवायचे असेल तर 'एक्सॉर'. या क्रियांचे सौंदर्य असे की बाकीच्या सात बटणांना धक्का लागत नाही. निदान लागू नये.

शलाकाने स्वतंत्रपणे केलेले पहिले काम म्हणजे एक उबवणी यंत्र. डोंगराकडच्या एका वाडीत हौसाबाई नावाच्या बाई गावठी कोंबड्यांची पिल्ले काढून देत. आसपासच्या सात वाड्यांतल्या बायका आपापली अंडी त्यांच्याकडे आणून ठेवत आणि एकवीस दिवसांनी पिल्ले घेऊन जात. एका संस्थेने हौसाबाईंना दोनशे चाळीस अंड्यांचे यंत्र दिले होते, आणि त्याचा मेंदू लिहिला होता शलाकाने. एका तारेवर हीटर, एकीवर ओलावा देणारा पंप, एकीवर पंखा, एकीवर यंत्र चालू असल्याचा हिरवा दिवा, आणि एकीवर ट्रे कलते करणारी मोटर. कारण अंडी दर तासाला फिरवावी लागतात, नाहीतर आतला जीव टरफलाला चिकटतो.

यंत्र मे महिन्यात बसले. पहिली खेप झकास उतरली. पावसाळ्यात हौसाबाईंनी शेतीच्या कामामुळे यंत्र बंद ठेवले. कार्तिकात पुन्हा अंडी लावली, आणि दोनशे चाळीसांतून पिल्ले निघाली अडतीस.

हौसाबाईंनी फोन केला तेव्हा शलाका म्हणाली, "अंडी जुनी असतील हो. बायका आठ-आठ दिवस घरात ठेवून मग आणतात. मेमध्ये हेच यंत्र नीट चाललं ना?"

हौसाबाईंनी फोन ठेवला. यंत्र काय, तंत्र काय, आपल्याला कळत नाही असे त्यांना आयुष्यभर सांगण्यात आले होते. त्यांनी सातही वाड्यांत जाऊन बायकांची समजूत घातली, पुढच्या वेळी ताजी अंडी आणा म्हणून सांगितले. बायकांनी आणली. पण दोघी-तिघी तोंडावर म्हणाल्या, की या खेपेलाही असेच झाले तर आम्ही आपली खुडूक कोंबडीच अंड्यांवर बसवू. म्हणजे हौसाबाईंच्या शब्दावर ठेवलेली ही शेवटची अंडी होती.

या तिसऱ्या खेपेच्या आठव्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा फोन आला. या वेळी तो वृद्ध गुरूंनी उचलला, कारण शलाका अजून यायची होती.

"सर, शलाकाताई हाय का? न्हाई? मग तुमीच ऐका. मी काल दिसभर यंत्रापुढं बसून ऱ्हायले. ह्ये यंत्र अंडी फिरवाया उठतंय."

"उठतंय म्हणजे?"

"आता कसं सांगू? खुडूक बसल्याली कोंबडी अंडं फिरवती, पर चोचीनं. बूड हालवत न्हाई. ऊब सोडत न्हाई. ह्येचं तसं न्हाई. तासाला मोटर घुरघुरली की हीटरचा लाल दिवा जातोय. मग अंडी पार गार पडल्याबिगर येत न्हाई."

वृद्ध गृहस्थ घड्याळाकडे पाहून उठले. मग म्हणाले, "हौसाबाई, आत्ता एक करा. मोटर सुरू झाली की यंत्रावर गोधडी टाका, लाल दिवा पुन्हा लागला की काढा. आम्ही पहिल्या गाडीने येतो."

शलाका आली तेव्हा तिच्या प्रोग्रामची प्रत टेबलावर पसरलेली होती आणि गुरूंचे बोट एका ओळीवर होते. त्यांनी तिला हौसाबाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती म्हणाली, "सर, मला लगेच बघू द्या. दर तासाला अंडी गार होताहेत!"

"एसटीला अजून वीस मिनिटं आहेत," गुरू म्हणाले, आणि त्यांनी प्रत घडी घालून खिशात ठेवली. मग तिच्यापुढे एक कोरा कागद सरकवला. "तोवर एक काम कर. हौसाबाईंचं यंत्र आहे त्या शेडला चार खिडक्या आहेत. सकाळचं ऊन यावं म्हणून मला पूर्वेची उघडायची आहे. तर चारही खिडक्या कशा असाव्यात, ते लिही."

"सर, या वेळी खिडक्या?"

"लिही. पेनाने. फोन करून विचारायचं नाही."

शलाकाला राग आला. साहजिकच आहे. घर जळत असताना कोणी रांगोळीचे ठिपके मोजायला सांगितले तर कोणालाही येईल. पण गुरूंपुढे बोलण्याची सोय नव्हती. तिने मे महिन्यात पाहिलेली शेड आठवली आणि लिहिले: पश्चिम उघडी, उत्तर उघडी, दक्षिण बंद, आणि त्यात पूर्व उघडी मिळवली. गुरूंनी खाली सही करायला लावली. एसटीचा प्रवास दोन तासांचा होता. शलाका खिडकीबाहेर पाहत मनातल्या मनात आपली प्रत्येक ओळ तपासत होती आणि तिला चूक सापडत नव्हती.

शेडमध्ये शिरताच ती यंत्राकडे धावणार, तोच गुरूंनी तिला हाताने थांबवले आणि तो कागद हौसाबाईंना दिला. "बाई, या कागदावर लिहिल्याप्रमाणे खिडक्या करा. अगदी तंतोतंत."

हौसाबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. उत्तरेच्या खिडकीत त्यांनी थंडीमुळे गोणपाटाचे बोळे कोंबले होते, पश्चिमेच्या खिडकीला फळी ठोकली होती. त्यांनी कागदाकडे पाहिले, खिडक्यांकडे पाहिले, मग पाहुण्यांकडे.

"उत्तरंची उघडू? ह्या गारठ्यात? सर, अंडी मारायचीत काय?"

"कागदावर आहे ते करा."

"न्हाई करायची," हौसाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, पण पाय घट्ट रोवलेले होते. "तुमी मोठी मानसं, पर ह्ये न्हाई करायची. कुणी लिवलंय ह्ये? उन्हाळ्यात लिवलंय वाटतं. अवो, पूर्वंची उघडायची तर 'पूर्वंची उघड' इतकंच लिवायचं. बाकीच्या तीन कशाला लिवल्या? त्या हितं मी बघतेय न्हवं का?"

गुरूंनी खिशातून प्रोग्रामची प्रत काढली आणि शलाकाच्या हातात ठेवली. बोट पुन्हा त्याच ओळीवर. ती ओळ तिच्या विशेष अभिमानाची होती. मोटर सुरू करण्यासाठी तिने एका ओळीत लिहिले होते: पी-वनमध्ये 'पी-वन ऑर आठ' एवढे ठेव. आठ म्हणजे मोटरचा बिट. आहे ते राहू दे आणि त्यात मोटर मिळव, असा तिचा अर्थ.

ती ओळीकडे बघत राहिली. मग हळूच खाली बसली.

"कळलं?" गुरूंनी विचारले.

"सगळं नाही, सर. एवढं कळलं की मी चारही खिडक्या लिहिल्या आहेत. पण कशा, ते कळत नाही. मी तर पी-वनलाच विचारलंय."

"कोणाला विचारलंस, ते बघ," गुरू म्हणाले. "आपल्या भाषेत दोन ऑर आहेत. दिसायला जुळे. एक ऑर यंत्राची आज्ञा आहे. ती यंत्र चालू असताना, त्या क्षणी, त्या जागी घडते. दुसरा ऑर गणितात लिहायचा. तो सोडवतो असेंबलर, आपल्या ओसरीतल्या टेबलावर, प्रोग्रामचं भाषांतर करताना. त्याला ही शेड दिसत नाही, थंडी लागत नाही, हीटर लागलाय की नाही हे ठाऊक नसतं. पी-वन हे तुझ्यासाठी आठ तारांचं नाव आहे. त्याच्यासाठी तो नुसता घर क्रमांक आहे, एकशे चव्वेचाळीस. त्याने एकशे चव्वेचाळीसमध्ये आठ मिळवले, एकशे बावन्न केले आणि तो आकडा चिपेत कायमचा कोरला. घराचा क्रमांक एकशे चव्वेचाळीस आहे म्हणून घरात एकशे चव्वेचाळीस माणसं नसतात, शलाका."

"पण सर, मी तपासलं होतं! तुमच्यासमोर. मोटर लागली, पंखा चालू राहिला, हिरवा दिवाही राहिला."

"राहिला. कारण एकशे चव्वेचाळीस म्हणजे हिरवा दिवा आणि पंखा, दोनच बिट. आणि मे महिन्यात त्या उकाड्यात यंत्रात दोनच गोष्टी चालू होत्या. हीटरची गरजच नव्हती, पंपाची वेळ झाली नव्हती. तुझा खोटा आकडा त्या दिवशी खरा ठरला. थंडी पडली, हीटर लागला, आणि दर तासाला तुझी ओळ येऊन मे महिना करून जाऊ लागली. बंद करतानाही तेच. मोटर थांबली तरी उरतो एकशे चव्वेचाळीस, म्हणजे पुन्हा मे. मग अंडी गार पडून तापमानाचा काटा खाली टेकेपर्यंत हीटर येणार कुठून?"

शलाकाने प्रत घडी घातली. गुरूंनी पुढे म्हटले, "आणि त्या दिवशी मी शेजारी उभा राहून मान डोलावली होती. मीही मे महिनाच पाहिला. तेव्हा अडतीस पिल्लांचा दोष एकटीने घेऊ नकोस, निम्मा माझ्याकडे दे."

हौसाबाई हे सारे ऐकत उभ्या होत्या. आकडे त्यांच्या डोक्यावरून गेले असतील, पण एक गोष्ट नेमकी त्यांच्यापर्यंत पोचली. "म्हंजी," त्या हळूच म्हणाल्या, "अंडी जुनी न्हवती?"

या प्रश्नाने शलाकाच्या डोळ्यांत पाणी आले. ती उठली, हौसाबाईंपुढे गेली आणि तिने सरळ त्यांचे हात धरले. "नव्हती, हौसाबाई. अंडी चांगली होती. माझं चुकलं. मी न बघता तुमच्यावर ढकललं. तुम्ही एक दिवस यंत्रासमोर बसलात आणि तुम्हाला जे दिसलं ते मला सहा महिन्यांत दिसलं नाही."

"ऱ्हाऊ दे," हौसाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आपले हात सोडवून घेतले, कारण असल्या गोष्टींची त्यांना सवय नव्हती. "आधी ह्येला खाली बसवा. धाला परत उठंल."

दहाला वीस मिनिटे होती. यंत्रावर गोधडी टाकून शलाकाने चिप काढली आणि लॅपटॉप उघडला. पण लिहायला हात गेला आणि ती थबकली. "सर, मग गणितातला ऑर वापरायचाच नाही का? ते सगळे अँड, ऑर, नॉट फुकटच?"

"फुकट कसे? आपल्या घरी बसून जे ठरवता येतं ते जरूर ठरवावं. मोटर कोणत्या तारेवर आहे हे थंडीत बदलतं का? नाही. मग तो बिट गणिताने मांड. एकाला तीन घरं डावीकडे सरकव, किंवा त्याचा नॉट कर, असेंबलर आनंदाने करून देईल, यंत्राचा एक क्षणही खर्च होणार नाही. आपलं बटण कोणतं, हे घरून ठरवून निघावं. इतरांची बटणं कशी आहेत, हे तिथे पोचल्यावर पाहावं. घोटाळा तेव्हा होतो जेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही आपण घरूनच लिहून आणतो."

एवढे बोलून वृद्ध गृहस्थ पूर्वेच्या खिडकीकडे गेले आणि त्यांनी ती उघडली. बाकीच्या तिन्हींकडे त्यांनी पाहिले, आणि त्यांना हात लावला नाही.

शलाकाने दोन ओळी लिहिल्या. चालू करताना: पी-वनवर ऑरची आज्ञा चालव, मोटरच्या बिटाने. बंद करताना: पी-वनवर अँडची आज्ञा चालव, मोटरचा बिट सोडून बाकी सर्वांनी. कौतुक करण्यासारखे त्यात काही नव्हते, पण पुढे तिला विचारले तर आपण लिहिलेल्या सर्वांत चांगल्या ओळी म्हणून ती याच दोन सांगते.

चिप जागेवर बसली. आता परीक्षा मे महिन्याच्या उलट होती, हीटर लागलेला असताना. दहा वाजता मोटर घुरघुरली. ट्रे एका अंगाला कलू लागले. तिघेही लाल दिव्याकडे पाहत होते. ट्रे कलले. मोटर थांबली. लाल दिवा लागलेलाच होता.

"बसलं," हौसाबाई म्हणाल्या.

पण खरी भीती पुढेच होती. आठ दिवस अंडी दर तासाला गार पडली होती, त्यांत जीव उरला होता का? हौसाबाईंनी पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून आत बल्ब लावला, वर चादर घेतली, आणि चादरीखाली दोघी एकेक अंडे त्या भोकावर धरून बघू लागल्या. पहिले अंडे नुसते पिवळट. दुसरेही तसेच. तिसऱ्यात एक काळा ठिपका होता आणि त्याच्याभोवती लाल शिरांचे जाळे. शलाकाने हे आयुष्यात कधी पाहिले नव्हते. ठिपका हलला तेव्हा ती चादरीखाली किंचाळलीच.

"वरडू नगंस, भ्येतंय ते," हौसाबाई म्हणाल्या, आणि दोघींना हसू फुटले.

एकसष्ट अंडी बाजूला काढावी लागली. एकशे एकोणऐंशींत जीव होता. थंडीतही तगलेला.

मी ही कथा जिथे जिथे सांगतो तिथे कोणीतरी विचारतेच, की आम्हाला असेंबली भाषेशी काय करायचे आहे? मी म्हणतो, काहीच करू नका. फक्त पुढच्या वेळी आपल्या माणसाबद्दल 'तो ना, तसाच आहे' असे वाक्य तोंडात आले, तर आपण त्याला शेवटचे कोणत्या महिन्यात पाहिले होते, तेवढे आठवा.

तर एकविसाव्या दिवशी शलाका एकटीच वाडीवर गेली. सात वाड्यांतल्या बायका पाट्या आणि टोपल्या घेऊन शेडबाहेर बसल्या होत्या. गुरूंना गुडघ्यांमुळे प्रवास झेपला नव्हता, ते ओसरीत फोन पुढ्यात घेऊन बसले होते. अकरा वाजले, साडेअकरा झाले, आणि त्यांना राहवेना. त्यांनीच फोन लावला.

"शलाका, किती निघाली?"

पलीकडून आधी नुसता चिवचिवाट ऐकू आला, दाट, थांबतच नसलेला. बायकांचे बोलणे, कोणीतरी कोणाला हाक मारत असलेले. मग शलाकाचा आवाज आला.

"मोजली नाहीत, सर. बघतेय अजून."

वृद्ध गृहस्थांनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला, आणि पुन्हा काही विचारले नाही.